औषधाला पत्ता सापडेल का?

रक्तात सोडलेलं औषध नेमकं कॅन्सरच्या गाठीपाशीच कसं पोचवायचं? केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या डब्यांची ही गोष्ट.

मुलांनो, पुण्याच्या मेट्रोनं पिंपरीकडे निघालात, की वाटेत 'संत तुकाराम नगर' नावाचं स्थानक लागतं. मार्च २०२२ मध्ये पुण्याची मेट्रो सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या काही स्थानकांपैकी हे एक. खाली उतरलं की जुना मुंबई-पुणे रस्ता, जवळच वल्लभनगरचं एसटी स्टँड, आणि आत वळलात की दवाखान्यांची आणि औषधांची एक मोठी वसाहतच! महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथंच आहे. सगळे त्याला 'वायसीएम' म्हणतात. डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय इथंच. औषधं कशी बनवायची हे शिकवणारं कॉलेजही इथंच. आणि थोड्याच अंतरावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरीकरांची 'एच. ए. कंपनी'. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि भारतात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं.

म्हणजे औषध बनवणारे, त्याचा अभ्यास करणारे आणि ते रोग्याला देणारे, असे सगळे इथं एकमेकांचे शेजारी. या सगळ्यांना सतावणारा एक प्रश्न आज आपण पाहू. प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. दंडात सुई टोचली, औषध रक्तात गेलं. पुढे ते जातं कुठं?

सगळीकडे जाणारं औषध

रक्त आपल्या शरीरात साधारण एका मिनिटात पूर्ण फेरी मारून येतं. त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध मिनिटाभरात मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे पोचतं. डोकं दुखत असताना घेतलेली गोळी गुडघ्यातही जाते, फक्त तिथं तिचं काही काम नसतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

साध्या औषधांचं हे चालून जातं. पण कॅन्सरची अनेक औषधं म्हणजे चक्क विष असतात, पेशी मारणारी. कॅन्सर म्हणजे आपल्याच पेशी ताळतंत्र सोडून वाढत सुटणं. त्या भराभर वाढतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारं औषध द्यायचं, अशी केमोथेरपीमागची कल्पना. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतातच की! केसांच्या मुळाशी असतात, आतड्याच्या अस्तरात असतात, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या असतात. औषधाला चांगली पेशी आणि वाईट पेशी ओळखता येत नाही. म्हणून केस गळतात, उलट्या होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात.

आपल्याकडे हमखास गुण देणाऱ्या औषधाला 'रामबाण' म्हणतात. रामाचा बाण वाटेत दुसऱ्या कुणाला लागत नाही, ज्याच्यावर सोडला त्यालाच लागतो. जर्मनीचे शास्त्रज्ञ पॉल एहर्लिश यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच स्वप्न पाहिलं होतं. फक्त रोगालाच लागेल अशा औषधाला ते 'जादूची गोळी' म्हणत. म्हणजे बंदुकीची गोळी, बरं का! त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. स्वप्न मात्र अजून पुरतं साकार व्हायचंय.

मातीतून आलेलं लाल औषध

आता एका औषधाची ओळख करून घेऊ. नाव जरा लांबलचक आहे: डॉक्सोरुबिसिन. रंग लालभडक. इतका, की ते घेतल्यावर दिवसभर लघवीसुद्धा लालसर होते!

हे औषध आलं मातीतून. पहिल्या पावसात मातीचा जो छान वास येतो, त्यात मोठा वाटा असतो स्ट्रेप्टोमायसेस नावाच्या सूक्ष्मजंतूंचा. हे जंतू इतर जंतूंना दूर ठेवण्यासाठी नाना रसायनं बनवतात. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळची माती तपासताना यांच्यातल्याच एका जातीनं शास्त्रज्ञांना एक लाल रसायन दिलं. पुढे त्याच जातीत बदल घडवून डॉक्सोरुबिसिन मिळालं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला 'एड्रियामायसिन' असंही नाव पडलं.

याच स्ट्रेप्टोमायसेसच्या भाऊबंदांपैकी एकाचं नाव ऐका: 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना'. हो, आपली पिंपरी! १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एच. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूपासून बुरशी मारणारं एक औषध शोधलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं 'हॅमायसिन'. या हॅमायसिनची पुढची हकिकत थोड्या वेळानं सांगतो. ती आपल्या गोष्टीशी जोडलेली आहे.

डॉक्सोरुबिसिन कॅन्सरच्या पेशीत शिरतं, तिच्या डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये पाचर मारल्यासारखं घुसतं आणि पेशीला दुप्पट होऊ देत नाही. अनेक प्रकारच्या कॅन्सरवर ते गेली कित्येक दशकं वापरलं जातंय. पण त्याला एक मोठी खोड आहे. ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करतं, आणि हृदयाचे स्नायू एकदा दुबळे झाले की सहजासहजी भरून येत नाहीत. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात हे औषध एकूण किती द्यायचं, याला मर्यादा असते. औषध लागू पडतंय, गाठ लहान होतेय, आणि तरीही डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो!

तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला, की हे औषध मोकळं सोडण्याऐवजी डब्यात घालून पाठवलं तर?

इवलासा डबा

डबा केवढा हवा, ते आधी पाहू. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावरचा सगळ्यांत लहान भाग म्हणजे एक मिलिमीटर. त्याचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला डबा साधारण १०० नॅनोमीटरचा. पट्टीवरच्या त्या एका बारीक घरात असे १० हजार डबे ओळीनं बसतील! रक्तातली एक तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तिच्यापुढेही हा डबा अगदी चिमुकला.

एवढ्या लहान कणांना नॅनोकण म्हणतात. पण हे काही सगळे प्रयोगशाळेतच जन्माला येतात असं नाही. सकाळी तुम्ही जे दूध पिता, त्यात केसीन नावाच्या प्रथिनाचे गोळे असतात. सरासरी दीडशे नॅनोमीटरचे! वासराच्या हाडांसाठी लागणारं कॅल्शियम या गोळ्यांत बांधून गाय त्याच्यापर्यंत पोचवते. पार्सलची ही युक्ती निसर्गाला आपल्या कितीतरी आधी सुचलेली आहे.

औषधाचा डबा बनतो स्निग्ध पदार्थापासून. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञांच्या असं लक्षात आलं, की अंड्याच्या बलकात असणाऱ्या लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले की आपोआप त्यांचे पोकळ फुगे तयार होतात. बाहेर पाणी, मध्ये दुपदरी स्निग्ध भिंत आणि आत पुन्हा पाणी. आपल्या पेशींची भिंतही साधारण अशीच असते. या फुग्याला म्हणतात लायपोसोम.

पण फुग्यात औषध भरायचं कसं? जेरुसलेमचे येहेझ्केल बारेनहोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख युक्ती काढली. तुम्ही उंदराचा पिंजरा पाहिलाय ना? आत जायला सोपा, बाहेर यायला बंद. तसंच हे. फुग्याच्या आत त्यांनी अमोनियम सल्फेट हा क्षार ठेवला. बाहेरचं डॉक्सोरुबिसिन भिंतीतून आत शिरतं, आतल्या क्षाराशी जोडी जमवतं आणि त्याचे स्फटिक होतात. स्फटिकांना काही भिंत ओलांडता येत नाही. अशा प्रकारे एकेका डब्यात औषधाचे दहा-पंधरा हजार रेणू ठासून भरले जातात.

हे औषध अमेरिकेत १९९५ साली 'डॉक्सिल' या नावानं मंजूर झालं. तिथल्या औषध प्रशासनानं मान्यता दिलेलं हे पहिलं नॅनो-औषध मानलं जातं.

सायकल, टेम्पो आणि कंटेनर

डबा तयार झाला. आता प्रवास! रक्तात सोडलेल्या कणाचं काय होतं, हे बरंचसं त्याच्या आकारावर ठरतं.

समजा, चाकणच्या एमआयडीसीतून माल निघाला आणि तो संत तुकाराम नगरमधल्या एखाद्या गल्लीत पोचवायचा आहे. सायकलवरून पाठवला, तर ती कुठल्याही बोळात शिरेल आणि भलतीकडेच जाईल. कंटेनरमधून पाठवला, तर तो गल्लीच्या तोंडाशीच अडकेल. इथं हवा मधल्या मापाचा टेम्पो.

शरीरातही असंच आहे. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडांच्या गाळणीतून पडतात आणि लघवीवाटे थोड्याच वेळात बाहेर जातात. ही झाली सायकल. दोनशे नॅनोमीटरपेक्षा मोठे कण प्लीहेत, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिच्या जाळीत, अडकू लागतात. हा झाला कंटेनर. शंभराच्या आसपासचा कण हा आपला टेम्पो. मूत्रपिंडातून गळायला तो मोठा आणि पाणथरीत अडकायला लहान.

पण नुसतं माप जमून भागत नाही. रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं पोहत असतात. नवा कण आत आला रे आला, की काही क्षणांत ही प्रथिनं त्याला येऊन चिकटतात. पावसाळ्यात मातीच्या वाटेवरून चालताना चपलेला चिखल लागतो ना, तसं. शास्त्रज्ञ या थराला 'प्रथिनांचा मुकुट' म्हणतात. नाव राजेशाही असलं तरी कणाच्या दृष्टीनं हा मुकुट धोक्याचाच! कारण त्यातली काही प्रथिनं म्हणजे 'हा परका आहे, पकडा!' अशी खूणच असते. ती खूण पाहून यकृतातल्या आणि पाणथरीतल्या भक्षक पेशी कणाला गट्ट करतात. या पेशी आपल्या शत्रू नव्हेत, उलट पहारेकरी आहेत. रोजचे जंतू त्याच पकडतात. आपला औषधाचा डबाही त्यांना घुसखोरच वाटतो, त्याला त्या तरी काय करणार?

यावर उपाय म्हणून डॉक्सिलच्या डब्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाच्या लवलवत्या केसांचं आवरण चढवलं. पाणी या केसांना धरून राहतं, त्यामुळे प्रथिनांना चिकटायला जागा कमी मिळते आणि पहारेकऱ्यांना डबा उशिरा ओळखू येतो. मोकळं डॉक्सोरुबिसिन दिलं, तर त्यातलं बहुतेक काही मिनिटांतच रक्तातून निघून शरीरभर शिरतं. डब्यातलं मात्र दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं. तेवढा वेळ त्याला गाठ शोधायला मिळतो.

गाठीच्या दारात

शोधायला मिळतो खरं, पण डब्याला ना डोळे, ना पाय. त्याला गाठ सापडते कशी?

१९८६ साली जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा या शास्त्रज्ञांनी एक गोष्ट दाखवून दिली. गाठ घाईघाईनं वाढते. तिला रक्तपुरवठा करणाऱ्या केशवाहिन्याही घाईघाईनं तयार होतात. घाईत बांधलेल्या भिंतीला फटी राहाव्यात, तशा त्यांनाही फटी राहतात. निरोगी भागातल्या केशवाहिन्यांतून शंभर नॅनोमीटरचा डबा सहसा बाहेर पडू शकत नाही, गाठीतल्या फटींतून मात्र पडू शकतो. शिवाय गाठीतून निचरा करणारी व्यवस्थाही धड नसते, म्हणून आत आलेला डबा तिथंच राहतो. तिथं त्याची भिंत हळूहळू फुटते आणि औषध बाहेर येतं.

काही शास्त्रज्ञ याच्याही पुढे गेले. त्यांनी डब्यावर चक्क पत्ता चिकटवला. कॅन्सरच्या पेशीवर जी खास प्रथिनं जास्त असतात, त्यांना जाऊन बिलगणारे रेणू डब्याच्या बाहेर लावायचे. कल्पना झकास! पण पत्त्याचा उपयोग दारापर्यंत पोचल्यावर. शहराच्या वेशीवरच पार्सल अडवलं गेलं, तर पत्ता कितीही सुवाच्य अक्षरात असून काय उपयोग? आणि तो प्रथिनांचा मुकुट आठवतोय ना? कधी कधी तो पत्त्यावरच बसतो आणि पत्ता झाकून टाकतो.

हजारातले सात

मग एवढं सगळं करून किती डबे गाठीपर्यंत पोचतात? कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात वॉरन चॅन यांच्या गटानं हाच प्रश्न विचारला. मागच्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेले शंभरावर शोधनिबंध त्यांनी गोळा केले. त्यांतले प्रयोग प्रामुख्यानं उंदरांवरचे होते. हिशेब करून २०१६ साली त्यांनी निकाल जाहीर केला. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले, तर मधोमध येणारा आकडा होता ०.७ टक्के. म्हणजे हजार कण सोडले, तर गाठीत पोचले सात!

बाकीचे ९९३? बरेचसे यकृतात आणि पाणथरीत.

या आकड्यानं शास्त्रज्ञांच्या जगात मोठीच खळबळ उडाली. काही जण म्हणाले, हिशेबाची पद्धत बरोबर नाही. साधं मोकळं औषध तरी कुठं जास्त पोचतं, असंही काही जणांनी विचारलं. पण प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. २०२० साली त्याच गटानं आणखी एक धक्का दिला. त्यांनी गाठीतल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईनं तपासल्या. फटी अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाल्या. त्यांच्या प्रयोगांत बहुतेक कण फटींतून गेलेच नव्हते. केशवाहिनीच्या भिंतीतल्या जिवंत पेशींनी ते एका बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूला सोडले होते.

तीस-पस्तीस वर्षं पुस्तकांतून शिकवली गेलेली गोष्ट अशी पुन्हा तपासावी लागली. विज्ञानात हे चालतं. नव्हे, विज्ञान चालतंच मुळी असं!

मग डब्याचा फायदा काय?

तुम्ही म्हणाल, हजारातले सातच पोचत असतील, तर हा सगळा खटाटोप कशाला? आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका.

२००४ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ५०९ स्त्रिया तिच्यात सहभागी होत्या. काही जणींना साधं डॉक्सोरुबिसिन दिलं, काही जणींना डब्यातलं. कॅन्सर आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही औषधं जवळजवळ सारखीच ठरली. पण पुढचे आकडे पाहा. हृदयाला इजा झाल्याची लक्षणं साध्या औषधाच्या गटात ४८ जणींमध्ये दिसली, डब्याच्या गटात १० जणींमध्ये. साध्या औषधानं शंभरातल्या ६६ जणींचे केस गळले, डब्यातल्या औषधानं २० जणींचे.

असं का झालं? हृदयातल्या केशवाहिन्यांची वीण घट्ट असते. शंभर नॅनोमीटरच्या डब्याला तिथून बाहेर पडता येत नाही, म्हणून हृदय वाचतं. म्हणजे डब्याची खरी कमाई औषध गाठीत जास्त पोचवण्यात जेवढी आहे, त्याहून जास्त ते नको तिथं न पोचवण्यात आहे. रामबाणाची अर्धी थोरवी वाटेतल्या लोकांना न लागण्यातच असते, नाही का?

पण फुकट काहीच मिळत नाही. डबे दिवसेंदिवस रक्तात फिरतात, तेव्हा तळहात आणि तळपायांच्या कातडीतही थोडे झिरपतात. तिथं लाली येते, आग होते, कधी कातडी सोलते. त्याच चाचणीत हा त्रास साध्या औषधानं शंभरात दोघींना झाला, डब्यातल्या औषधानं ४८ जणींना! म्हणून हे औषध घेणाऱ्यांना डॉक्टर सांगतात, की काही दिवस कढत पाणी नको, घट्ट चपला-बूट नकोत आणि हाताला घासणारी कामं नकोत.

पुढे या डब्यांत आणखी सुधारणा झाल्या. २०१७ साली अमेरिकेत रक्ताच्या एका कॅन्सरवर असा डबा मंजूर झाला, ज्यात दोन औषधं पाचास एक या प्रमाणात एकत्र भरलेली असतात. वेगवेगळी दिली तर शरीरात त्यांचं प्रमाण बिघडतं, एका डब्यात ती बरोबरच प्रवास करतात. २०२१ मध्ये त्याला लहान मुलांसाठीही परवानगी मिळाली.

पिंपरीचं हॅमायसिन आणि मुंबईचा डबा

आता हॅमायसिनची राहिलेली हकिकत. ते बुरशीला जोरदार मारायचं, पण पोटातून रक्तात नीट उतरायचं नाही आणि शरीरालाही जाच करायचं. म्हणून ते मुख्यतः वरून लावायचं औषध राहिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ते लायपोसोमच्या डब्यात भरलं आणि उंदरांवर प्रयोग केले. डब्यात घातल्यावर त्याचा विषारीपणा कमी झाला!

हॅमायसिनचं एक भावंड आहे, अँफोटेरिसिन बी. तेही बुरशीवरचं जालीम औषध, आणि तेही मूत्रपिंडांना इजा करणारं. केमोथेरपीनं रोग्याची प्रतिकारशक्ती घटलेली असते, तेव्हा बुरशी डाव साधते, म्हणून कॅन्सरच्या रोग्यांना याची अनेकदा गरज पडते. परदेशातून येणारं डब्यातलं अँफोटेरिसिन फार महाग. तेव्हा दिल्लीचे डॉ. बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटांनी भारतातच असा डबा तयार केला. १९९०च्या दशकात के. ई. एम.मध्ये तो रोग्यांना देऊन त्याचा अभ्यास झाला. 'फंगिसोम' या नावानं तो पुढे बाजारात आला.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' महाराष्ट्रभर पसरली, ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. तेव्हा दुकानोदुकानी लोक ज्या इंजेक्शनसाठी हिंडत होते, ते हेच, लायपोसोमच्या डब्यातलं अँफोटेरिसिन.

आणखी एक गोष्ट. २०११च्या अखेरीस अमेरिकेत डॉक्सिल बनवणारा कारखाना बंद पडला आणि रोग्यांना औषध मिळेना. तेव्हा, फेब्रुवारी २०१२ मध्ये, अमेरिकन सरकारनं 'लिपोडॉक्स' हे तशाच डब्यातलं औषध तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली. ते कुणाचं होतं? मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा या भारतीय कंपनीचं! पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या औषधाला तिथं कायमची मान्यताही मिळाली.

तुमच्या हिंजवडीतही स्निग्ध कणांची करामत झाली आहे. तिथल्या जेनोव्हा कंपनीनं बनवलेल्या एम-आरएनए प्रकारच्या कोरोना लशीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. एम-आरएनए शरीरात चटकन तुटतो, म्हणून त्यालाही नॅनोकणांचं वाहन द्यावं लागतं.

करून पाहा

एका काचेच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या. त्यात दोन चमचे गोडेतेल आणि चिमूटभर हळद टाका. झाकण लावून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. तेल वर येईल, हळदीचा पिवळा रंग तेलात उतरेल. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. आता भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब घाला आणि जोरात हलवा. सगळं पाणी पिवळट दुधासारखं दिसू लागेल. तेलाचे बारीक बारीक थेंब झाले आणि प्रत्येक थेंब आपल्या पोटात हळदीचा रंग घेऊन पाण्यात फिरू लागला. हे थेंब नॅनोकणांपेक्षा बरेच मोठे आहेत आणि लायपोसोमसारखे पोकळही नाहीत. पण पाण्यात न विरघळणारी वस्तू स्निग्ध थेंबात घालून पाण्यातून कशी नेता येते, ते यात छान दिसतं. (प्रयोग झाल्यावर बाटली धुऊन ठेवा, नाहीतर आईची बोलणी खाल! आणि ते पाणी पिऊ नका.)

आईबाबांनो, तुमच्यासाठी

हल्ली 'नॅनो' हा शब्द पाण्याच्या बाटलीपासून ताकदीच्या पावडरीपर्यंत कुठंही छापलेला दिसतो. नुसत्या त्या शब्दावरून औषध चांगलं ठरत नाही. खऱ्या नॅनो-औषधाची माणसांवर चाचणी झालेली असते, आणि त्याचा फायदा व तोटा दोन्ही आकड्यांत सांगता येतात.

दुसरं असं, की साधं डॉक्सोरुबिसिन आणि डब्यातलं डॉक्सोरुबिसिन ही दोन वेगळी औषधं समजायची. दोन्हींची मात्रा वेगळी, वागणं वेगळं. एकाऐवजी दुसरं परस्पर देता येत नाही. कुणासाठी कोणतं योग्य, हे डॉक्टरच ठरवतील. डबा महाग आहे म्हणजे तोच सर्वांसाठी उत्तम, असंही नाही. अनेक कॅन्सर साध्या, जुन्या औषधांनी बरे होतात, आणि त्यांत मुलांचे कितीतरी कॅन्सर आहेत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी

तुमच्या वर्गात कधी एखादा मित्र किंवा मैत्रीण टोपी घालून, रुमाल बांधून येईल. केस गेलेले असतील. आता तुम्हांला ठाऊक आहे, की ते औषधानं गेलेत, रोगानं नव्हे. औषध थांबलं की बहुधा पुन्हा येतात. कॅन्सर शेजारी बसल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं लागत नाही. मात्र तुमचा सर्दी-खोकला त्यांना चटकन लागू शकतो, म्हणून शिंका येत असतील त्या दिवशी तुम्हीच जरा लांब बसा.

आणि कुणी कौतुकानं सांगितलं, की 'अहो, आता नॅनो-औषध आलंय, सरळ गाठीवरच जातं!', तर नम्रपणे तीन प्रश्न विचारा. ते कशात भरलंय? शंभरातलं किती तिथं पोचतं? आणि बाकीचं कुठं जातं?

तिसऱ्या प्रश्नावर शास्त्रज्ञ आजही डोकं खाजवताहेत. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा त्यातला काही भाग तुमच्या वाट्याला नक्कीच शिल्लक असेल.